साथीच्या दिवसांतला चॅटबॉट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

साथ आली की आरोग्याची माहिती फोनवरच्या चॅटबॉटमार्फत द्यावी का, आणि द्यायची तर कशी, अशी विचारणा करणारी पत्रं या सदराकडे आली आहेत. काही स्वयंसेवी गटांची आहेत, काही डॉक्टरांची, काही नुसत्या वापरणाऱ्यांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : अंक दाबून चालणारा बॉट आणि हल्लीचा मनमोकळं बोलणारा बॉट, यांपैकी साथीत कुठला बरा?

अंक दाबून चालणाऱ्या बॉटला लोक उगाच नाकं मुरडतात. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्हॉट्सॲपवर सुरू केलेली सेवा याच जातीची होती. नमस्काराचा संदेश पाठवला की क्रमांकांची यादी यायची, क्रमांक पाठवला की ठरलेला मजकूर यायचा. त्यामागचं तंत्र त्याआधी दक्षिण आफ्रिकेत वापरून झालं होतं. अशा बॉटला समजत काहीच नाही, पण तो स्वतःच्या मनाचंही काही सांगत नाही. साथीत हा फार मोठा गुण आहे.

मनमोकळं बोलणारा बॉट मोठ्या भाषा-मॉडेलवर, म्हणजे अफाट मजकूर वाचवून शिकवलेल्या संगणक-प्रणालीवर चालतो. तो वाक्यं जुळवतो. वाक्य गोड जुळलं म्हणजे ते खरं असतंच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये असा एक बोलका बॉट आणला, तेव्हा त्याची उत्तरं नेहमीच अचूक असतील असं नाही, हेही सोबत सांगितलं.

आमचा कौल मधल्या वाटेला आहे. माणसाने आपल्या शब्दांत विचारावं, मॉडेलने प्रश्नाचा अर्थ लावावा आणि डॉक्टरांनी तपासून ठेवलेल्या मजकुरातला योग्य तो तुकडा जसाच्या तसा पुढे करावा. उत्तर मॉडेलने निवडायचं, लिहायचं नाही. जुळणारा तुकडा नसेल तर ‘याचं उत्तर माझ्याकडे नाही, माणसाशी जोडून देऊ का?’ एवढंच म्हणायचं. असा बॉट दाखवायला रुबाबदार दिसत नाही, हे खरं.

प्रश्न : आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. पंधरा दिवसांत बॉट उभा करायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

सॉफ्टवेअरपासून करू नका. ते तीन-चार दिवसांचं काम आहे, वेळ मजकुराला लागतो.

आधी हेल्पलाइनवर किंवा दवाखान्याच्या खिडकीवर लोक जे विचारतात त्यातले दोन-तीनशे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. सुधारून लिहू नका. ‘विलगीकरणाचा कालावधी किती?’ असं कुणी विचारत नाही. ‘किती दिवस खोलीत बसायचं?’ असं विचारतात. हे प्रश्न गटांत लावले की पंचवीस-तीस विषयांत बहुतेक सगळे बसतात.

मग प्रत्येक विषयाचं एक कार्ड करा. उत्तर साठ-सत्तर शब्दांचं, त्यात एकच कृती, आणि ती पहिल्या वाक्यात. कारण नंतर. ‘हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवा’ आधी, विषाणूचं आवरण साबणाने का फुटतं ते मागून. कार्डाच्या मागच्या बाजूला, म्हणजे वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या रकान्यांत, पाच नोंदी हव्यात : मजकूर कुठल्या अधिकृत सूचनेवरून घेतला, त्या सूचनेची तारीख, कुणी तपासला, पुन्हा कधी तपासायचा, आणि कधीनंतर दाखवायचाच नाही. ही शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात. तिचं महत्त्व पुढच्या एका उत्तरात येईलच.

जागेची मापं लिहिण्याआधीच माहीत असू द्या. व्हॉट्सॲपच्या संदेशात उत्तराची बटणं जास्तीत जास्त तीन, आणि बटणावर २० अक्षरचिन्हं. यादीच्या संदेशात दहा ओळी. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र मोजली जातात. ‘घरी विलगीकरण कसे करावे’ डोळ्याला आटोपशीर दिसतं, पण मशीनच्या हिशेबाने ते २२ भरतं आणि बटणावर बसत नाही. ‘घरी विलगीकरण’ १२ मध्ये बसतं. आणखी एक अडचण अशी की वापरणाऱ्याच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासच तुम्ही मोकळेपणाने उत्तर देऊ शकता. त्यानंतर पाठवायचा संदेश आधी मंजूर करून घेतलेल्या नमुन्यातलाच लागतो. ‘आजार सुरू होऊन आठवडा झाला, आता कसं आहे?’ अशी विचारपूस करणार असाल, आणि ती करावी, कारण कोविडमध्ये तब्येत बिघडायची ती पुष्कळदा पहिल्या आठवड्याच्या शेवटी, तर तो नमुना पहिल्याच दिवशी मंजुरीला टाका. ऐन गर्दीत मंजुरीची वाट बघत बसावं लागतं.

प्रश्न : आमच्या बॉटला एकाने लिहिलं, ‘ताप नाही, खोकलाही नाही, पण जिना चढताना धाप लागते.’ बॉटने तापावरचं कार्ड पाठवलं : आराम करा, पाणी प्या. असं का झालं? दुरुस्ती काय?

या एका वाक्यात तीन दोष उघडे पडले आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला दोष नकाराचा. बॉट शब्द शोधतो आहे. ‘ताप’ सापडला, त्याचं काम झालं. पुढच्या ‘नाही’कडे त्याने पाहिलंच नाही. परक्या भाषेसाठी केलेलं तयार साधन वापरलं असेल तर ते नकार शब्दाच्या आधी शोधतं, आणि मराठीत ‘नाही’ मागून येतं. ‘तापबिप काही नाही’ इथे तर दोघांमध्ये अंतर पडतं. पण म्हणून ‘मागे नाही आलं की लक्षण रद्द’ असा सरसकट नियम लावलात तर आणखी वाईट होईल, कारण ‘श्वास पुरत नाही’, ‘शुद्ध नाही’, ‘लघवी होत नाही’ यांत नकार हेच लक्षण आहे. असे वाक्प्रचार एक अख्खा शब्द म्हणून यादीत घाला आणि नकाराचा नियम त्यांना लावू नका.

दुसरा दोष शब्दसंग्रहाचा. तुमच्या यादीत बहुधा ‘श्वसनास त्रास’ असेल, ‘धाप’ नसेल. लोक दम लागतो म्हणतात, धाप लागते, श्वास कोंडतो, श्वास वर लागलाय, छाती भरल्यासारखी वाटते, असंही म्हणतात. एका त्रासाची पंधरा-वीस रूपं सहज निघतात. त्यात पुष्कळ जण रोमन लिपीत टंकतात. ‘दम’ रोमनमध्ये लिहिला की इंग्रजी शब्दकोश त्याला धरण समजतो, ‘ताप’ लिहिला तर नळाची तोटी. ही रूपंही यादीत हवीत, आणि बोलून टंकताना फोन जे चुकीचं लिहितो तेही.

तिसरा दोष क्रमाचा, आणि तोच सगळ्यांत महाग. धोक्याच्या लक्षणांची चाळणी सगळ्यांच्या आधी लागली पाहिजे : श्वास घ्यायला त्रास, छातीत सतत दुखणं किंवा दाब, नव्याने झालेला गोंधळ, जागं न राहणं, ओठ किंवा नखं निळसर होणं. प्रत्येक संदेश आधी या चाळणीतून जावा, मग विषय ओळखण्याकडे. यादी दाखवून बॉट अंकाची वाट बघत असतानासुद्धा. नाहीतर काय होतं पाहा : बॉट म्हणतो ‘१ ते ५ पैकी अंक निवडा’, समोरची बाई लिहिते ‘नवऱ्याला शुद्ध नाही’, आणि बॉट म्हणतो ‘क्षमस्व, कृपया १ ते ५ पैकी अंक निवडा’. अशा बॉटपेक्षा भिंतीवरचा फलक परवडला.

चाळणी किती बारीक ठेवायची याचा हिशेब आधी कागदावर करा. आकडे समजण्यापुरते घेऊ. दिवसाला १०,००० संदेश, त्यांत २०० खरोखर धोक्याचे. चाळणीने शंभरातले ९५ पकडले तर १९० सापडले, १० निसटले. रोज दहा. चाळणी अधिक बारीक केली की निसटणारे घटतात, पण विनाकारण अडकणारे वाढतात. आत्ताच्या चाळणीतच उरलेल्या ९,८०० पैकी समजा ५ टक्के असे अडकतात, म्हणजे ४९०. एकूण ६८० संदेश माणसाकडे गेले. प्रत्येकी ३ मिनिटं धरली तर २,०४० मिनिटं, म्हणजे ३४ तास. एक माणूस दिवसात सहा तास सलग उत्तरं देऊ शकतो असं मानलं तरी सहा माणसं हवीत. तेवढी नसतील तर बॉटने ‘डॉक्टर तुमच्याशी बोलतील’ असं म्हणू नये. ‘वाट पाहू नका, जवळच्या रुग्णालयात जा’ असं थेट सांगावं आणि आपत्कालीन क्रमांक द्यावा. जोडून देतो म्हणायचं आणि पलीकडे कुणीच नाही, असं झालं तर त्या खोट्या आशेवर माणूस घरी बसून राहतो.

एक पुरवणी. ऑक्सिजन उतरलेला असूनही दम लागल्याचं जाणवत नाही, असे रुग्ण कोविडमध्ये दिसले. त्यामुळे ‘दम लागतो का?’ला ‘नाही’ आलं म्हणून ‘तुम्ही सुरक्षित आहात’ हे वाक्य बॉटच्या तोंडी कधीच घालू नका. ‘आत्ता सांगितलेल्या गोष्टींत धोक्याचं लक्षण दिसत नाही, यांपैकी काही सुरू झालं तर लगेच निघा’ इतपत ठीक.

प्रश्न : सूचना दर आठवड्याला बदलतात. जुनी उत्तरं लोकांच्या फोनमध्ये पडून असतात. यावर इलाज?

पूर्ण इलाज नाही, पण नुकसान कमी करता येतं. सरसकट सगळ्यांनी मास्क वापरण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीला देत नव्हती. ५ जून २०२० च्या सूचनेत भूमिका बदलली आणि जिथे संसर्ग पसरलेला आहे तिथे सर्वसामान्यांनी कापडी मास्क वापरावा असं म्हटलं. वास न येणं हे लक्षण ब्रिटनच्या अधिकृत यादीत १८ मे २०२० ला आलं. म्हणजे १७ मे रोजी ‘वास येत नाही’ असं लिहिणाऱ्याला त्या यादीवर बांधलेल्या बॉटने तुमचं लक्षण यादीत नाही असंच सांगितलं असतं, आणि बॉटमध्ये बिघाड काहीच नसता.

यावरून तीन सवयी लावून घ्या. प्रत्येक उत्तराच्या पहिल्या ओळीत तारीख. शेवटच्या ओळीत नको, संदेश पुढे ढकलताना लोक शेपूट कापतात. मुदत संपलेलं कार्ड आपोआप बंद, आणि त्या जागी ‘ही माहिती पुन्हा तपासली जात आहे’. आणि सल्ला उलटला असेल तर नुसता नवा मजकूर टाकून मोकळं होऊ नका, ‘पूर्वी आम्ही असं सांगत होतो, आता असं सांगतो आहोत, कारण हे’ असं उघड लिहा. न सांगता बदललेलं वाक्य दोन फोनवर शेजारी-शेजारी दिसलं की लोक दोन्हींवरचा विश्वास सोडतात.

एकच वाक्य पाच कार्डांत चिकटवू नका. दिवसांचा आकडा बदलला की चार ठिकाणी दुरुस्त होतो आणि पाचव्या ठिकाणी राहतो. आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवा, कार्डाने ते तिथून उचलावेत. चित्रांत तर आकडे लिहूच नका. चित्र बदलायला चित्रकार लागतो आणि तो नेमका तेव्हा सापडत नाही.

प्रश्न : एका बॉटने फरशी पुसायला ब्लीच किती घालायचं ते विचारल्यावर दोनदा दोन वेगळी प्रमाणं सांगितली. बरोबर कुठलं?

कदाचित दोन्ही, आणि घोळ तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोविडकाळातल्या सूचनेत पृष्ठभागांसाठी ०.१ टक्के द्रावण होतं आणि रक्त किंवा शरीरातले द्रव सांडले असतील तर ०.५ टक्के. बाटलीतलं ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर पहिल्यासाठी १ भाग ब्लीचला ४९ भाग पाणी, म्हणजे २० मिलिलिटर ब्लीच आणि ९८० मिलिलिटर पाणी. दुसऱ्यासाठी १ भागाला ९ भाग पाणी. वाक्यं जुळवणारा बॉट यांतलं कुठलंही उचलतो, कारण दोन्ही त्याच्या वाचनात आलेली असतात.

त्यात बाटली ५ टक्क्यांचीच असेल असंही नाही. लेबलवरचा आकडा घ्या, हव्या असलेल्या टक्क्यांनी भागा, एक वजा करा. येईल तितके भाग पाणी. बाटली ३ टक्क्यांची आणि हवं ०.१, तर ३० वजा १, म्हणजे २९ भाग. म्हणून बॉटने प्रमाण सांगण्याआधी ‘बाटलीवर किती टक्के लिहिलंय?’ हे विचारलंच पाहिजे, आणि गुणाकार-भागाकार मॉडेलकडून न करवता साध्या सूत्राने करावा. सोबत, त्याच संदेशात : थंड पाणी, खिडकी उघडी, आणि ब्लीचमध्ये आम्ल असलेलं संडास-क्लीनर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. हे पुढच्या संदेशावर ढकलू नका, पुढचा संदेश वाचला जाईलच असं नाही.

औषधांच्या मात्रेला हाच न्याय. मुलांची मात्रा वजनावर ठरते आणि त्याच औषधाचं पातळ रूप वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं. बॉटने ती काढून देऊ नये, डॉक्टरांकडे किंवा औषधविक्रेत्याकडे पाठवावं.

प्रश्न : घरातल्या वडीलधाऱ्यांकडे साधा फोन आहे. त्यांच्यासाठी काही?

एसएमएस आणि आवाजाची सेवा. देवनागरी एसएमएस ७० अक्षरचिन्हांत बसवावा लागतो. रोमन लिपीला १६० मिळतात. ७० ओलांडले की संदेशाचे तुकडे होतात आणि जोडणीची खूण ठेवायला जागा जाऊन प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. ‘श्वास’ हा शब्द वाचणाऱ्याला दोन अक्षरं, मशीनला पाच. तरी जमतं. ‘श्वास घेताना दम लागतोय? घरी थांबू नका. लगेच रुग्णालयात जा.’ हे ५८ भरतं, उरलेल्या १२ मध्ये एक जागा सोडून आपत्कालीन क्रमांक मावतो.

आवाजाच्या सेवेत पर्याय तीन-चारच ठेवा, कारण ऐकताना पहिला पर्याय चौथ्यापर्यंत विसरतो. आधी काम सांगा, मग अंक : ‘लसीची माहिती हवी असेल तर दोन दाबा’. ‘दोन दाबा, लसीसाठी’ असं उलटं केलं की ऐकणाऱ्याचं बोट चुकतं. धोक्याची लक्षणं पहिल्या पर्यायात. आणि ‘पुन्हा ऐकण्यासाठी’ हा पर्याय हवाच, तो पुष्कळ वापरला जाईल याची तयारी ठेवा.

प्रश्न : बॉटला लक्षणं सांगितली तर ती कोण वाचतं? मेसेज एनक्रिप्टेड असतात ना?

वाटेत असतात, म्हणजे मधल्या कुणाला ते वाचता येत नाहीत. पण बॉटशी बोलताना पलीकडचं टोक म्हणजे ती संस्था. ती आणि तिने नेमलेली तांत्रिक कंपनी मजकूर वाचू शकते. तेव्हा नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक देऊ नका. नुसती माहिती घ्यायला यातलं काही लागत नाही.

बॉट चालवणाऱ्यांसाठी : फोन क्रमांकाऐवजी त्याचा हॅश, म्हणजे सूत्राने काढलेली सांकेतिक खूण, साठवतो, म्हणून आम्ही सुरक्षित, असा समज असतो. दहा आकडी क्रमांक सगळे मिळून १,००० कोटी. साधा संगणक ते सगळे हॅश करून जुळवून बघू शकतो. गुप्त किल्ली घालून केलेला हॅश वापरा, किल्ली वेगळ्या जागी ठेवा, आणि संभाषणं ठरलेल्या मुदतीनंतर पुसा. वय विचारायचं तर गट विचारा, जन्मतारीख नको.

प्रश्न : खरा बॉट आणि फसवा बॉट कसा ओळखावा?

क्रमांक पुढे ढकललेल्या संदेशातून घेऊ नका, आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावरून घ्या. ओटीपी, पैसे किंवा बँकेचा तपशील मागितला की तिथेच थांबा. आरोग्याची माहिती द्यायला ओटीपी लागत नाही.

प्रश्न : बॉट उपयोगी पडतोय हे कशावरून समजायचं? आमच्या अहवालात ‘इतक्या लोकांनी वापरला’ एवढंच येतं.

तो आकडा जाहिरातीचा आहे, कामाचा नाही. ‘समजलं नाही’ असं उत्तर किती वेळा गेलं आणि कुठल्या वाक्यांना, हे रोज सकाळी बघा. त्यातली पहिली वीस वाक्यं वाचली की आज कुठली अफवा फिरते आहे तेही कळतं, बऱ्याचदा बातम्यांच्या आधी. आठवड्यातून एकदा शंभर संभाषणं कुठलीही उचलून डॉक्टरांना दाखवा, बॉटचं उत्तर झाकून. ते काय म्हणाले असते ते लिहून घ्या, मग पडताळा. दोन डॉक्टरांचंच आपसात जुळत नसेल तर दोष बॉटचा नाही, कार्डाचा आहे. ते पुन्हा लिहा.

प्रश्न : साथ ओसरल्यावर बॉटचं काय करायचं?

बंद करायचा, आणि बंद केल्याचं सांगायचं. निधी संपतो, माणसं पांगतात, सर्व्हर मात्र चालूच राहतो आणि जुन्या आकड्यांनिशी उत्तरं देत बसतो. ज्यांनी अद्ययावत माहितीसाठी नाव नोंदवलं होतं त्यांना शेवटचा एक संदेश पाठवा. नंतर येणाऱ्या प्रत्येकाला तारखेसह एकच उत्तर द्या : ही सेवा थांबली आहे, माहितीसाठी इथे विचारा. धोक्याच्या लक्षणांची चाळणी मात्र क्रमांक परत करेपर्यंत चालू ठेवा. दोन वर्षांनीही कुणीतरी त्या जुन्या क्रमांकावर ‘दम लागतोय’ असं लिहीलच.